वर्कशॉपमधली वीज: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नवा हेल्पर किंवा आयटीआयचा शिकाऊ मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात ग्राइंडर पडतो. वीज कुठून येते आणि कुठे बंद होते, हे मात्र कुणी दाखवत नाही. ते विचारून घ्यावं लागतं. हा लेख एमआयडीसीतल्या पाच-पंचवीस माणसांच्या शेडसाठी आहे. तिथे ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग मशीन, कटिंग मशीन, एखादा कॉम्प्रेसर आणि भिंतीवर एक पॅनेल असतं. वायरिंग कसं करायचं ते इथे नाही, कारण ते काम परवाना असलेल्या वायरमनचं आहे. विजेच्या आसपास काम करताना स्वतःला कसं सांभाळायचं, एवढंच इथे सांगितलं आहे.

आधी थोडे आकडे

सिंगल फेजला २३० व्होल्ट असतात, थ्री फेजच्या दोन फेजांमध्ये ४१५. जीव जातो तो अंगातून वाहणाऱ्या करंटमुळे, आणि तो अगदी थोडा पुरतो. १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखं होतं. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि हातात धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘चिकटला’ म्हणतात ते हेच. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. ५० ते १०० मिलिअँपिअर करंट छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कटतात आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. तुलनेसाठी, घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर घेतो.

कोरड्या कातडीचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, चांगला असतो. घामाने किंवा पावसाने भिजल्यावर हाच रोध १,००० ओमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला १,००० ओमने भागलं की २३० मिलिअँपिअर येतात. आता भिंतीवरची १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, बघा. तुमच्या अंगातून २३० मिलिअँपिअर वाहतोय, हे तिच्या गावीही नसतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून बसवलेली असते. माणसासाठी असते ती आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा खटका. जुने वायरमन तिला अजून ईएलसीबी म्हणतात.

पहिला दिवस: पॅनेल ओळखा

कामाला हात लावण्याआधी सुपरवायझरला घेऊन पॅनेलपाशी जा आणि चार गोष्टी विचारा. पूर्ण शेडचा मेन स्विच कोणता? मी ज्या मशीनवर काम करणार तिची एमसीबी किंवा आयसोलेटर (मशीनची लाइन पूर्ण तोडणारा हाताचा स्विच) कोणता? जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, आणि लाइट गेल्यावर कोणत्या लाइनी त्यावर जातात? आरसीसीबी कुठे आहे?

पॅनेलवर नावं लिहिलेली नसतील तर लिहून घ्या. मार्करने चिकटपट्टीवर लिहिलं तरी चालेल. शॉक बसलेल्या माणसासमोर उभं राहून सहा एमसीबींमधली कोणती पाडायची याचा विचार करायला वेळ नसतो. पॅनेलसमोर मीटरभर जागा मोकळी हवी. पत्र्याचे तुकडे, रंगाचे डबे तिथे ठेवले असतील तर हलवा. पॅनेलखाली रबरी मॅट अंथरलेली असावी. ती फाटलेली किंवा तेलाने माखलेली असेल तर उपयोगाची नाही.

आरसीसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की खटका ताबडतोब पडला पाहिजे. महिन्यातून एकदा, मशीनं बंद असताना, ही तपासणी करायला लावा. वर्षानुवर्षं न हललेला खटका आतून जाम होतो आणि नेमक्या वेळी पडत नाही. माणसांसाठीची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते, आणि तो आकडा तिच्यावरच छापलेला असतो. १०० किंवा ३०० लिहिलं असेल तर ती मुख्यतः आग टाळण्यासाठी आहे, तुमच्या जिवाच्या भरवशाची नाही.

ती काम कशी करते हे समजून घेतलं की तिच्या मर्यादाही कळतात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. मधला काही तुमच्या अंगातून जमिनीत गेला तर दोन्हींत फरक पडतो, आणि तो फरक ३० मिलिअँपिअरला पोचला की खटका पडतो. पण एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर तिच्या लेखी तुम्ही एक बल्ब आहात. गेला तेवढा परत आला, त्यामुळे ती पडणार नाही. म्हणून आरसीसीबी आहे म्हणून चालू लाइनवर हात घालायचा, हा हिशेब कधीच बसत नाही.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर ‘ही खराब आहे, डायरेक्ट करून टाक’ असं म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक शेडमध्ये भेटतं. त्याचं ऐकू नका. बहुतेक वेळा एखाद्या मशीनची वाइंडिंग ओलसर झालेली असते किंवा वायर कुठेतरी पत्र्याला घासलेली असते. एकेक मशीन सोडवत गेलं की दोषी सापडतं.

अर्थिंग: जिथे सगळ्यात जास्त फसगत होते

‘मशीनला जरा जरा करंट येतो, पण चालतं’ हे वाक्य ऐकलं की काम थांबवा. बॉडीला करंट येणं म्हणजे आतलं इन्सुलेशन कुठेतरी गेलंय आणि अर्थिंगही धड नाही, अशा दोन चुका एकदम झाल्या आहेत. आज तुम्ही कोरड्या बुटात आहात म्हणून मुंग्याच आल्या. उद्या फरशी ओली असेल.

अर्थिंगच्या तारेचं काम सोपं आहे. फेज बॉडीला टेकली तर करंटला तुमच्या अंगापेक्षा सोपी वाट द्यायची. त्यासाठी तार अखंड हवी आणि नटबोल्ट घट्ट, बिनगंजाचा, रंग खरवडून बसवलेला हवा. रंगावरच लग (तारेच्या टोकाची धातूची टिकली) ठेवून बोल्ट आवळला तर दिसायला अर्थिंग आहे, प्रत्यक्षात नाही. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या पट्ट्या असल्या पाहिजेत, हे नियमातच आहे. आपल्या मशीनला त्या दोन्ही आहेत का, हे वाकून स्वतः बघा.

तरीही नुसत्या अर्थिंगवर विसंबता येत नाही. शेडबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओम आला तर आपल्याकडे तो बरा मानतात. फेज बॉडीला टेकली तर २३० भागिले ५, म्हणजे जास्तीत जास्त ४६ अँपिअर जमिनीत जाईल. ३२ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ वर ती कितीतरी वेळ तशीच उभी राहील, आणि तोवर मशीनच्या बॉडीत वीज असेल. आरसीसीबी मात्र याच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी गळतीला पडते. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालायचं काम कुणाकडे आहे ते विचारा. कुणाकडेच नसेल तर ते तुम्ही घ्या, बादलीभर पाण्याचं तर काम आहे.

सगळ्यात घातक जुगाड म्हणजे सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडणं. अर्थिंगची तार ओढायची नसते, पण तीन पिनचं सॉकेट तर बसवायचं असतं, म्हणून आतल्या आत एक तुकडा टाकतात. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत काही कळत नाही. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की मशीनच्या आतून आलेली फेज न्यूट्रलमधून थेट बॉडीवर येते. मशीन बंद पडतं, ‘लाइट गेली’ असं समजून माणूस त्याला हात लावतो, आणि बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट असतात. नवीन सॉकेट बसलं की वायरमनला सरळ विचारा, ‘अर्थ वेगळी आणली ना?’

रोज सकाळी: हत्यार आणि बोर्ड

ग्राइंडर किंवा ड्रिल पिनला लावण्याआधी वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून फिरवा. दोन जागा नेहमी आधी जातात: प्लगजवळचा वाक आणि हत्यारात शिरताना असलेली रबरी नळी. तिथे आतल्या रंगीत तारा दिसत असतील तर हत्यार बाजूला ठेवा. टेप गुंडाळून भागत नाही, कारण तिथे तार रोज वाकते आणि टेप दुपारपर्यंत सुटते. खराब भाग कापून वायर आखूड करायची आणि पुन्हा जोडायची, हे दहा मिनिटांचं काम आहे.

हत्याराच्या नावपट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे. त्याला दोन तारांची वायर चालते. ते चिन्ह नसेल आणि बॉडी धातूची असेल तर तीन तारा आणि तीन पिना हव्यातच. अर्थची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थ आधी जुळते आणि काढताना शेवटी सुटते. सॉकेट ढिलं आहे किंवा पिन बसत नाही म्हणून ती पिन कापलेला प्लग दिसला तर तो प्लग बदलून घ्या. उघड्या तारा थेट सॉकेटात खोचून वर काडी अडकवण्याची पद्धत जिथे असेल, तिथे ती पहिल्या दिवशीच नाकारा.

रंगांचा एक सापळा आहे. लवचिक वायरमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, आणि हिरवी-पिवळी अर्थ. भिंतीतल्या थ्री फेज वायरिंगमध्ये मात्र लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज असतात, न्यूट्रल काळी. म्हणजे निळी एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण फेज. रंगावरून अंदाज करू नका, मोजून बघा.

एक्स्टेंशन बोर्डाची वायर किती जाड आहे ते वायरवरच छापलेलं असतं. ४ इंची ग्राइंडर ३ ते ४ अँपिअर घेतो, त्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते. ७ इंची ग्राइंडर ९-१० अँपिअरपर्यंत जातो, त्याला आणि १६ अँपिअरच्या बोर्डाला अडीच हवी. वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवून जड काम केलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळून सगळे वेढे एकमेकांना चिकटतात. वापरताना ड्रम पूर्ण उलगडा. बोर्ड जमिनीवर ठेवू नका, ठिणग्या आणि कूलंट तिथेच पडतात. घोडीवर किंवा खांबाला टांगा. वायर रस्त्यातून जात असेल तर वरून न्या. ट्रॉलीचं लोखंडी चाक एकदा गेलं की आतली तार अर्धी तुटते, आणि उरलेल्या अर्ध्या तारेतून पूर्ण करंट जाऊन ती तापते.

ढिला जॉइंट हा शेडमधल्या आगीचा नेहमीचा उगम. सॉकेट तपकिरी पडलेलं, जळका वास, ‘चर्र’ असा आवाज, प्लगला हात लावल्यावर चटका, यातलं काहीही आढळलं तर मागची एमसीबी पाडा आणि सांगा. आग लागलीच तर आधी वीज बंद करा आणि कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचा सिलिंडर वापरा. पाणी नको.

मशीन उघडण्याआधी: ‘लाइन बंद आहे’ हे स्वतः सिद्ध करा

ब्लेड बदलायचंय, बेल्ट चढवायचाय, कव्हर काढून साफ करायचंय, अशा प्रत्येक वेळी हाच क्रम ठेवा. स्टार्टरचं लाल बटण दाबणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. स्टार्टरच्या आतला कॉन्टॅक्टर (बटणावर चालणारा मोठा स्विच) सुटला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट जिवंतच असतात.

१. आसपासच्या सगळ्यांना तोंडाने सांगा की हे मशीन मी बंद करतोय. दुसऱ्या पाळीचा माणूस आत येणार असेल तर त्यालाही सांगा.

२. मशीन नेहमीच्या बटणाने थांबवा, मग आयसोलेटर किंवा एमसीबी बंद करा. चालू भारावर आयसोलेटर ओढला तर आत ठिणगी उडते.

३. कुलूप लावा. फिरत्या हँडलच्या आयसोलेटरला कुलपासाठी भोक असतं, एमसीबीला लावायची क्लिप मिळते. किल्ली तुमच्या खिशात, दुसरी कुणाकडे नाही. जुन्या बोर्डावर किटकॅट फ्यूज असतील तर तिन्ही काढून स्वतःच्या खिशात ठेवा. सोबत पाटी अडकवा: ‘काम चालू आहे, चालू करू नये’, खाली नाव आणि वेळ. दोघं काम करत असाल तर दोन कुलपं.

४. स्टार्टचं बटण दाबून बघा. चुकीची एमसीबी पाडली असेल तर इथेच कळेल. मग स्टॉप दाबा.

५. थांबा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा) असलेल्या मशीनमध्ये आणि कपॅसिटर पॅनेलमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज साठून राहतो. व्हीएफडीवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढं थांबा.

६. मोजा. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो दाखवतोय ना हे बघा. मग मशीनच्या टर्मिनलवर फेज ते फेज तिन्ही जोड्या, प्रत्येक फेज ते न्यूट्रल, प्रत्येक फेज ते अर्थ, आणि न्यूट्रल ते अर्थ. त्यानंतर पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात मीटरची बॅटरी संपली किंवा तार सुटली तर तो शून्यच दाखवतो आणि तुम्ही त्याला ‘बंद’ समजता, म्हणून ही शेवटची पायरी.

मल्टिमीटरच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. आधी कुणी करंट मोजला असेल तर लाल तार १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असते. तशीच ती दोन फेजांवर टेकवली की मीटरमधून सरळ शॉर्ट होतो आणि हातातच स्फोट होतो. प्रत्येक वेळी आधी भोकं बघा, मग चक्री बघा. खिशातला निऑन टेस्टर ‘आहे’ सांगायला ठीक, ‘नाही’ सांगायला भरवशाचा नाही. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, आणि तुम्ही कोरड्या लाकडी शिडीवर असाल तर तो पेटणारही नाही.

काम झाल्यावर कव्हर बसवा, हत्यारं मोजा, माणसं मोजा, आणि ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढावं. तो जेवायला गेला असेल तर त्याची वाट बघा.

वेल्डिंग, टाकी, पाऊस आणि लांब पाइप

वेल्डिंगला व्होल्टेज कमी असतं म्हणून धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. रॉड टेकलेला नसताना ट्रान्सफॉर्मर मशीनच्या होल्डरवर ७०-८० व्होल्ट असतात. घामाने भिजलेला शर्ट, लोखंडाला टेकलेली पाठ, आणि उघड्या हाताने रॉड बदलणं, एवढं जुळून आलं की तेवढे व्होल्ट पुरतात. रॉड कोरड्या चामडी हातमोज्याने बदला. होल्डरचं इन्सुलेशन फुटलं असेल तर होल्डर बदला. काखेत धरू नका.

रिटर्नचा क्लॅम्प कामाच्या तुकड्यालाच, वेल्डच्या जवळ लावा. शेडच्या खांबाला लावला तर १५० अँपिअर जिथून वाट मिळेल तिथून परत येतो. कधी क्रेनच्या दोरातून, कधी शेजारच्या ड्रिलच्या बारीक अर्थ तारेतून. ती तार जळून जाते, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तिथे काम करणाऱ्याची अर्थिंग गेलेली असते.

टाकीच्या आत उतरायचं असेल तर हातदिवा २४ व्होल्टचाच. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये ही मर्यादा दिली होती. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाकीबाहेर राहील, आणि बाहेर एक माणूस कायम उभा असेल.

जूनच्या आधी पॅनेलवरच्या पत्र्याची गळती बंद करून घ्या आणि केबल जिथून आत शिरते तिथले ग्लँड (केबलभोवतीची घट्ट बुचं) बघा. शेडमध्ये पाणी शिरलं आणि बोर्ड बुडाले, तर पाण्यात पाय घालू नका. वीज बाहेरून, कोरड्या जागेवरून बंद व्हायला हवी. भिजलेली मोटर उन्हात ठेवून थेट चालू करायची नाही. वायरमनने ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासून किमान १ मेगओम दाखवल्यावरच.

पाइप आणि अँगल ६ मीटर लांबीचे येतात. रस्त्याकडेच्या ११ केव्ही, म्हणजे ११,००० व्होल्टच्या लाइनची तार जमिनीपासून ५.८ मीटरवर असू शकते. म्हणजे पाइप उभा केला की झालंच. टेम्पोतून माल उतरवण्याआधी वर बघा, पाइप नेहमी आडवा न्या, दोन माणसांनी. इतक्या व्होल्टेजला तार प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं. ॲल्युमिनियमची शिडी लाइनखाली वापरूच नका. तुटून पडलेली तार दिसली तर निदान १० मीटर लांब थांबा, इतरांना थांबवा आणि १९१२ वर महावितरणला कळवा.

कुणाला शॉक बसला तर

१. ओढायला धावू नका. एकाला चिकटलेला करंट दुसऱ्यालाही धरतो. मेन किंवा त्या लाइनची एमसीबी पाडा, नाहीतर प्लग उपटा.

२. ते लगेच जमत नसेल तर कोरड्या लाकडी फळीवर उभं राहून कोरड्या बांबूने किंवा लाकडाने वायर बाजूला ढकला. हे फक्त २३०-४१५ व्होल्टसाठी. ११ केव्हीला लाकूड वाचवत नाही, तिथे लाइन बंद झाल्याशिवाय जवळ जायचं नाही.

३. हाक मारा, खांदा हलवा. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल किंवा नुसता अडखळत असेल तर एकाला १०८ वर फोन करायला सांगा आणि तुम्ही छाती दाबायला लागा. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, कोपर ताठ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडाने श्वास द्यायला शिकला असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास. नसाल तर नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण हात थकले की खोली कमी होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबणं थांबवू नका.

४. शिडीवरून पडला असेल तर मान वळवू नका.

५. उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. ठोक्यांतला बिघाड नंतरही दिसतो. हातावर छोटासा डाग आणि आत स्नायू जळालेले, असंही होतं. लघवी गडद तांबडी झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा.

ज्या मशीनवर शॉक बसला तिची लाइन कुलूप लावून बंद ठेवा आणि वायर, प्लग, बोर्ड आहेत तसेच राहू द्या. जीव गेला किंवा दुखापत झाली तर विद्युत निरीक्षकांना २४ तासांत खबर द्यावी लागते, आणि ती मालकाने दिली की नाही हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. वायरमनने कारण शोधून, मेगर आणि अर्थिंग दोन्ही मोजून, आकडे लिहून दिल्यावरच ते मशीन पुन्हा चालू होईल.